निळा पट्टा

खुंटीचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. दाराला कुलूप लावलं की ती ते तीनदा ओढून बघायची, आणि चौथ्यांदा बघायला अर्ध्या जिन्यातून परत यायची. दूधवाल्याच्या मापावर तिचा विश्वास नव्हता, हवामान खात्यावर नव्हता, स्वतःच्या चष्म्याच्या नंबरावर तर मुळीच नव्हता. अख्ख्या जगात एकच माणूस असा होता ज्याचा शब्द ती दुसऱ्यांदा तपासत नसे, आणि तो म्हणजे तिचे बाबा. त्याच माणसाची सही एका कागदावर बघून तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, तेव्हा तिचं काय झालं असेल ते तुम्हीच बघा.

खुंटी हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे. बाबा जमिनीची तपासणी करायचे. म्हणजे लोखंडी खुंट्या एका रेषेत ठोकायच्या, त्यांतून जमिनीत वीज सोडायची, आणि कुठली माती विजेला किती अडवते ते मोजून खाली काय दडलंय ते सांगायचं. पाणी, खडक, पोकळी, गळलेलं तेल, काय असेल ते. सुट्टीत ते लेकीला बरोबर न्यायचे आणि ती खुंट्यांची पिशवी पोटाशी कवटाळून मागेमागे चालायची. तेव्हापासून ती खुंटी. पुढे तिने तेच शिक्षण घेतलं, तेच काम धरलं, आणि पन्नाशी जवळ आली तरी घरीदारी खुंटीच राहिली. ऑफिसातली माणसं पाठीमागे खुंटीबाई म्हणतात असा तिला संशय होता, आणि या बाबतीत तो अगदी खरा होता.

त्या दिवशी साहेबांनी एक फाइल तिच्या टेबलावर टाकली आणि हसत म्हणाले, "घ्या, तुमच्यासाठी खास. इस्त्रीच्या वासाची तक्रार आलीय."

तक्रार एका शिवणकाम करणाऱ्या बाईची होती. जुन्या तेल डेपोच्या जागेवर जी वस्ती झाली होती, तिथे ती राहायची. विहिरीचं पाणी शिंपडून इस्त्री फिरवली की कपड्यांना रॉकेलचा वास मारतो, गिऱ्हाइकं कपडे परत आणून टाकतात, तरी कृपा करून कोणीतरी येऊन बघावं, असं तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. खुंटीला हसू आलं नाही. त्या वस्तीतल्या कोपऱ्यावरच्या घरात तिचे आईबाबा राहत होते, आणि ही शिवणबाई त्यांची भिंतीला भिंत शेजारीण होती.

फाइलच्या तळाशी चौदा वर्षांपूर्वीचा रिपोर्ट होता. डेपो बंद पडून तेव्हाच दहा वर्षं उलटली होती, आणि जागेचे प्लॉट पाडण्याआधी जमिनीत तेल मुरलंय का ते बघायचं होतं. शेवटच्या पानावर एकच ओळ. जमिनीत तेलाचा अंश आढळला नाही, जागा वस्तीस योग्य. खाली बाबांची सही, शेवटच्या अक्षराची शेपटी लांबवलेली.

तिने रिपोर्टमधलं रंगीत चित्र उघडलं. या धंद्यात जमिनीचा उभा काप चित्रात काढतात. जिथे माती विजेला अडवते तिथे लाल, जिथे वीज सुळकन निघून जाते तिथे निळा. तेल वीज नेत नाही, म्हणून तेल शोधायचं तर लाल शोध, हा बाबांनी तिला शिकवलेला पहिला धडा. त्या चित्रात लाल रंग औषधालाही नव्हता. पण जमिनीखाली तीन-चार मीटरवर एक गडद निळा पट्टा आडवा पसरला होता, आणि त्याच्या शेजारी बाबांनी पेनाने लिहिलं होतं, "ओली चिकणमाती."

आता गंमत अशी की ताजं तेल लाल दिसतं हे खरं, पण जुनं तेल दिसत नाही. वर्षानुवर्षं मुरलेल्या तेलावर मातीतले जीवाणू ताव मारतात, ते खाऊन आम्ल सोडतात, त्या आम्लात मातीतले क्षार विरघळतात, आणि मग तिथलं पाणी मिठाच्या पाण्यासारखी वीज वाहून नेतं. लाल दिसायला हवं ते चक्क निळं दिसतं. हे खुंटीला आता माहीत होतं, पण चौदा वर्षांपूर्वी तिला स्वतःला माहीत नव्हतं, बाबांना कुठून असणार? इथवर तिने बाबांना सोडून दिलं.

पण चिकणमाती? कोपऱ्यावरच्या घराची विहीर खणली तेव्हा ती तिथे होती. वरपासून खालपर्यंत नुसती वाळू आणि बारीक खडे निघाले होते. ती वाळू अजून आईच्या अंगणातल्या पायवाटेवर पसरलेली होती. बाबा तेव्हा काठावर कमरेवर हात ठेवून उभे होते, त्यांच्या डोळ्यांसमोर टोपलीमागून टोपली वर आली होती. मग रिपोर्ट दुरुस्त का नाही केला? आणि तो कोपऱ्यावरचा प्लॉट! प्लॉट पाडले तेव्हा डेपोच्या मालकांनी सगळ्यांच्या आधी बाबांना निवड करायला सांगितलं होतं. घरी केवढा आनंद झाला होता तेव्हा. आज त्या आनंदाचाच तिला संशय आला. इथे कुठेतरी पाणी मुरतंय, ती स्वतःशीच म्हणाली.

खरं तर तिने तिथल्या तिथे साहेबांना सांगायला हवं होतं की हे काम दुसऱ्याला द्या, हा रिपोर्ट माझ्या वडिलांचा आहे. तिने तोंड उघडलं, आणि म्हणाली, "उद्याच जाते."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीतून सामान उतरवताना तिला आधी दिसले ते बाबा. विहीर दोन घरांच्या मधल्या भिंतीखाली होती, अर्धी इकडे, अर्धी तिकडे, दोन्ही बाजूंना एकेक रहाट. बाबांनी आपल्या रहाटावरून बादली ओढली, तांब्या बुडवून भरला, आणि उभ्या उभ्या, मान वर करून, घटाघटा रिकामा केला. पलीकडच्या खिडकीत शिवणयंत्राची खडखड चालली होती.

खुंटीचा जीव भांड्यात पडला. पाण्यात तेल आहे हे ठाऊक असलेला माणूस असा तांब्या रिचवेल का? उगाच आपण आपल्या बापावर घसरलो. लाज वाटली तिला.

"अगं आत तरी ये! की तिथूनच जमीन मोजत बसणार?" आई दारातून ओरडली. आईचे गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. तिने लेकीला बसवलं, आणि कोपऱ्यातल्या पांढऱ्या कॅनमधून ग्लासात पाणी ओतून दिलं.

"हे कुठलं पाणी?"

"टेकडीवरच्या शाळेतलं. तुझ्या बाबांना म्हातारपणी हमाली सुचलीय. रोज सायकलला दोन कॅन लावून घेऊन येतात. विहिरीचं पाणी जड आहे म्हणे, माझे गुडघे त्यानेच दुखतात म्हणे. तीन वर्षं झाली, गुडघे आहेत तिथेच आहेत. पण म्हटलं आणतायत तर आणू देत, पोट तरी आत जाईल."

"आणि बाबा स्वतः विहिरीचं पितात?"

"ते नि त्यांची विहीर! मला थेंब लावू देत नाहीत, स्वतः मात्र रोज सकाळी तांब्याभर. विचारलं तर म्हणतात, माझे गुडघे ठणठणीत आहेत."

आईला हसू येत होतं. खुंटीने हातातला ग्लास खाली ठेवला. नुकताच भांड्यात पडलेला जीव पुन्हा बाहेर आला होता. पाणी चांगलं असेल तर आईला का नाही देत? वाईट असेल तर स्वतः का पितात? दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील? या प्रश्नाचं एक उत्तर तिला सुचलं आणि ते तिला मुळीच आवडलं नाही. ते पीत असतील ते शेजाऱ्यांना दिसावं म्हणून. खडखडणाऱ्या खिडकीसमोर उभं राहून.

"कुठून सुरुवात करतेस?" बाबा पायऱ्यांवर उभे होते. सत्तरी ओलांडली तरी खांदे सरळ. हातात त्यांचा जुना हातोडा, डोळे तिच्या खुंट्यांच्या पिशवीवर. "मी आहे मदतीला. माणूस नाही आणलंस ना बरोबर?"

मुद्दाम नव्हतं आणलं. ऑफिसातल्या कुणी हे बघावं असं तिला वाटत नव्हतं. "भिंतीला लागून एक रेषा घेते," ती म्हणाली, "विहिरीच्या जवळून."

"तिथे नको," बाबा लगेच म्हणाले. "तिथून जुना लोखंडी पाइप गेलाय. सगळी वीज पाइपच खाईल, रीडिंगची वाट लागेल. रस्त्याकडून घे."

बोलणं बरोबर होतं. लोखंडी पाइप रेषेखाली आला की आकडे फसवतात, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. तरीही तिने पिशवी खाली ठेवली. आत गेली आणि पदराला हात पुसणाऱ्या आईला विचारलं, "भिंतीकडेला पाइप आहे का गं कुठला?"

"कसला पाइप? तिथे मी स्वतः हातभर खणून भोपळ्याचा वेल लावलाय. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते, एक ढेकूळसुद्धा उचललं नाही त्यांनी. पाइप असता तर कुदळ नसती लागली?"

खुंटी बाहेर आली ती थेट भिंतीकडे. "बाबा, मी इथेच घेते. पाइप निघाला तर निघाला."

बाबांनी वाद घातला नाही. उलट खाली बसले आणि खुंट्या ठोकायला लागले. दोन-दोन मीटरवर चोवीस खुंट्या, प्रत्येक खुंटी वीतभर आत. वाळू कोरडी होती, म्हणून प्रत्येक खुंटीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतायचं, म्हणजे वीज जमिनीत नीट शिरते. बाबा डबा घेऊन एकेका खुंटीपाशी वाकत होते, पाणी अगदी बेताने ओतत होते. खुंटी त्यांच्या हाताकडे बघत होती. जास्त ओततायत का? मुद्दाम तर नाही ना? लहानपणी याच हाताने तिला हातोडा धरायला शिकवला होता, आणि ती आता त्याच हातावर पाळत ठेवून होती. स्वतःची घृणा आली तिला, पण नजर काही हटेना.

केबल जोडली, मशीन सुरू झालं. मशीन आपल्या आपण खुंट्यांच्या जोड्या बदलत जातं, दोन खुंट्यांतून वीज सोडायची, दुसऱ्या दोन खुंट्यांवर मोजायची. टिक टिक करत आकडे येऊ लागले.

"लाल दिसतंय का?" बाबांनी विचारलं.

"अजून चित्र कुठे झालंय?"

थोड्या वेळाने पुन्हा, "लाल आहे का काही?"

आजवर त्यांनी काम चालू असताना कधी तोंड उघडलं नव्हतं. बोलल्याने मशीन घाबरतं, असं तेच म्हणायचे. आज त्यांचं काय चाललंय? लाल दिसलं नाही की ही बया समाधानाने निघून जाईल, अशी आशा आहे का यांना? तिने लॅपटॉप त्यांच्याकडे पाठ करून मांडीवर घेतला.

लाल नव्हतंच. विहिरीच्या दोन्ही बाजूंना, तीन मीटर खाली, तोच निळा पट्टा, चौदा वर्षांपूर्वी होता त्याहून लांब. शिवणबाईच्या ओट्याखाली जाऊन तो चित्राबाहेर निघून गेला होता.

तिने रडारची गाडी काढली. ही बाळाच्या बाबागाडीसारखी ढकलायची असते, खालून जमिनीत लहरी सोडते आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनींच्या रेघा पडद्यावर काढते. रस्त्याकडे रेघा स्वच्छ होत्या. भिंतीजवळ येऊ लागल्या तशा पुसट झाल्या, विहिरीपाशी पार गायब. वीज वाहून नेणारी जमीन रडारच्या लहरी गिळते. म्हणजे दोन वेगळ्या पद्धतींनी जमीन एकच गोष्ट सांगत होती.

उरलं होतं फक्त गिरमिट. लांब दांड्याचं, हाताने फिरवायचं. एकटीला झेपेना, तेव्हा बाबा समोर येऊन उभे राहिले आणि दुसरी मूठ धरली. दोघं गोल गोल फिरू लागले, बाप पुढे, लेक मागे. पिवळी वाळू आली, मग तांबूस. तिसऱ्या मीटरला जी वाळू वर आली ती करडी-काळी होती, ओली होती, आणि तिचा वास घ्यायला नाक जवळ न्यायची गरज नव्हती.

"ए बाई, हा कसला वास?" आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली. "स्टोव्ह भडकलाय का कुणाचा?" मग आपलं आपणच म्हणाली, "एक कॅन संपलाय हो, दुसराच काय तो भरलेला आहे. आज जाणार ना? तीन वर्षांत एक दिवस चुकवला नाहीत, आज लेक आली म्हणून चुकवू नका."

"तीन वर्षं म्हणजे कधीपासून गं आई?" खुंटीने विचारलं. डोळे मात्र बाबांवर.

"आता तारीख वार कोण लक्षात ठेवतंय? तू ते लांबलचक पाकीट धाडलं होतंस ना बाबांना, छापील कागदांचं? त्या सुमारास. ते वाचून दोन दिवस जेवले नव्हते नीट. मी म्हटलं, लेकीने असं काय लिहिलंय तरी काय!"

पाकीट. खुंटी साफ विसरली होती. तीन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात तिला जुन्या तेलाचा नवा अभ्यास मिळाला होता. तिने त्याची प्रत काढून बाबांना पाठवली होती आणि वर चिठ्ठी लिहिली होती, "बाबा, वाचा, मजा येईल. आपण इतकी वर्षं लाल शोधत बसलो!" त्याचं उत्तर आलं नव्हतं. पोस्टाने घोळ घातला असेल, असं ती धरून चालली होती.

आई आत गेली. खुंटीने गिरमिट भिंतीला टेकवलं.

"बाबा, एक विचारते. हा प्लॉट तुम्हाला कसा मिळाला?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं.  ती काय विचारतेय ते त्यांना कळलं होतं, आणि कळल्याचं तिला दिसत होतं.

"सरळ विचार की," ते म्हणाले. "डेपोवाल्यांनी तोंड बंद करायला दिला का, असं विचार."

"बाबा..."

"नाही गं. त्यांनी रस्त्याकडचा देऊ केला होता, मोठा. हा मी मागून घेतला." त्यांनी बोटाने भिंतीकडेची रेषा दाखवली. "हा पट्टा दिसला होता ना मला. निळा म्हणजे ओल, ओल म्हणजे पाणी. म्हटलं, विहीर खणली की चट पाणी लागेल, हिची बाग होईल. अख्ख्या वस्तीत सगळ्यात निळी जागा शोधून मी तुझ्या आईसाठी घर बांधलं. माझ्या कामावर माझा इतका विश्वास होता."

 खुंटीने सकाळपासून डोक्यात जो माणूस उभा केला होता, तो हा नव्हता. तिला वाटलं, बाबांच्या पाया पडावं, आणि त्याच वेळी वाटलं की अजून संपलेलं नाही.

"आणि वाळू निघाली तेव्हा?"

"वाटलं, चिकणमाती जरा पलीकडे असेल. तेल असेल हे मनातसुद्धा आलं नाही. लाल कुठे होतं?" ते कडवट हसले. "मग तुझं पाकीट आलं. तीनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी सायकल काढली."

"मग स्वतः का पिता हे?"

"चूक माझी आहे. म्हटलं, ती मी प्यायची."

हे ते इतक्या साधेपणाने म्हणाले की खुंटीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण संशयी माणसाचं एक असतं, रडता रडताही हिशोब सुटत नाही. तिची नजर भिंतीवरून पलीकडच्या रहाटाकडे गेली. त्या रहाटाचा दोर ओला होता.

"आणि ती?" तिने विचारलं. "तिची पोर? चाळीस घरं आहेत बाबा इथे! आईला शाळेतलं पाणी, तुम्हाला प्रायश्चित्त, आणि बाकीच्यांना काय? तुम्ही तांब्याभर प्यायल्याने त्यांच्या बादलीतलं तेल कमी होतं का?"

"ओरडू नकोस, ती ऐकेल."

"ऐकू दे! तिने ऐकायलाच हवं!"

बाबा वाळूच्या ढिगाशेजारी मटकन खाली बसले. "रोज ठरवायचो," ते म्हणाले. "आज सांगू, उद्या सांगू. लोक म्हणतात, काकांनी तपासलेली जमीन आहे ही. पोरांच्या लग्नाला पहिला मान मला देतात. त्यांच्या दारात जाऊन म्हणायचं की मला कळलंच नव्हतं? जीभ रेटत नव्हती. वाटायचं, एक दिवस तू येशील, तुझ्या मशीनमध्ये निघेल, मला बोलावं लागणार नाही. आणि तू आलीस तर मीच पाइपाची थाप मारली. का मारली ते विचारू नकोस, मलाही माहीत नाही."

खुंटीने पाण्याचे नमुने घेतले, बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या.  मग तिने बाबांना हात देऊन उठवलं.

"चला."

"आत्ता?"

"आत्ता. आणि सांगायचं तुम्ही. मी नुसती शेजारी उभी राहीन."

शिवणबाईची खोली पुढच्या दाराशीच होती. खिडकीत यंत्र, टेबलावर अर्धवट कापलेलं कापड, दोरीवर इस्त्रीला लावलेले सदरे. बाईच्या ओठांत टाचण्या होत्या; त्या तिने पटकन काढून उशीला टोचल्या. "अय्या, काका तुम्ही! आणि ताई पण! बसा ना, बसा. माझ्या अर्जासाठी आलात का? मला वाटलं, इस्त्रीचं वाचून फेकून दिला असेल." तिने आत वळून हाक मारली, "पाणी आण गं काकांना!"

सहा-सात वर्षांची मुलगी दोन ग्लास भरून, जिभेचं टोक बाहेर काढून, न सांडता घेऊन आली. ग्लास टेबलावर ठेवले आणि काकांकडे बघून हसली. तिच्या कोपरांवर, मानेवर लालसर पुरळ होतं.

बाबांनी घसा खाकरला. खुंटीला वाटलं, आता काहीतरी जुळवून सांगतील, पाइपासारखं. पण ते उभेच राहिले, दोन्ही हात बाजूला सोडून.

"बाई, ही जमीन चौदा वर्षांपूर्वी मी तपासली होती. माझी चूक झाली. खाली डेपोचं तेल मुरलेलं आहे आणि ते आपल्या विहिरीत उतरतंय. मला हे तीन वर्षांपासून माहीत आहे. हे पाणी पिऊ नका. मुलीला अजिबात देऊ नका."

शिवणबाई त्यांच्याकडे बघत राहिली. तिला आधी ते चेष्टा करतायत असंच वाटलं असावं, कारण तिच्या चेहऱ्यावरचं हसू जायला वेळ लागला.

"काहीतरीच काय काका? तुम्ही तर रोज पिता."

"हो."

"नाही, म्हणजे मी बघते ना रोज. यंत्रावर बसलं की तुमचा रहाट समोरच दिसतो." ती आता बाबांशी बोलत नव्हती, आपल्याशीच एकेक गोष्ट जुळवत होती. "मला वास यायचा पाण्याला. दोनदा मी बंद केलं होतं प्यायचं. हिला उलट्या झाल्या तेव्हा तर पार बंद केलं होतं. मग सकाळी तुम्हाला बघायचे. म्हटलं, यातलं शिकलेला माणूस तांब्याभर पितोय, म्हणजे आपलंच नाक खोटं. वास कपड्याला लागतो तेवढाच लागत असेल."

बाबांची नजर टेबलावरच्या ग्लासांवर गेली.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. आवाज अजून चढला नव्हता, आणि खुंटीला वाटलं, चढला असता तर बरं झालं असतं. "मागच्या वर्षी. भिंतीवरून विचारलं होतं, काका, पाणी चांगलं आहे ना हो? तुम्ही बोलला नाहीत. हातातला तांब्या माझ्यासमोर तोंडाला लावलात आणि सगळा प्यायलात. मी समजले, हेच उत्तर. त्या दिवसापासून हिला पुन्हा द्यायला लागले."

मुलीला यातलं काहीच कळत नव्हतं. पाहुणे पाणी घेत नाहीत असं बघून तिने एक ग्लास उचलला आणि काकांसमोर धरला. "घ्या ना, थंड आहे."

बाबांनी तो तिच्या हातातून घेतला. दुसराही घेतला. दोन्ही हातांत दोन ग्लास धरून ते मोरीपर्यंत गेले, पाणी ओतलं, आणि रिकामे ग्लास घेऊन तिथेच उभे राहिले, कारण परत वळायचं म्हणजे पुन्हा त्या पोरीसमोर यावं लागणार होतं. शेवटी खुंटीच उठली, त्यांच्या हातातले ग्लास घेतले, आणि शिवणबाईला म्हणाली, "आमच्या घरात एक कॅन भरलेला आहे. मी आणते."